वहिनीवर लावलेला काटा

आमच्या माहेरी काटा बरोबर आहे की नाही, हे वहिनीला त्यावर उभं करून पाहत असत. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मला राग येतो. राग माझ्या नाकावरच असतो, हे मान्य. पण यात हसण्यासारखं खरोखर काही नाही. मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि इतक्या वर्षांत यापेक्षा नवलाची गोष्ट मला एकाही पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

माहेर अमरावतीच्या कडेला. चारी बाजूंनी लेआउट पडले तरी आमचा मळा अजून तग धरून आहे. मेथी, पालक, वांगी, सांबार, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पिकवतात दादा आणि वहिनी दोघं, विकतो दादा. माल पोत्यात भरला की टिनाच्या शेडमधल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतो, आणि मग अडत्याकडे रवाना होतो. आता हा काटा म्हणजे नाजूक जात. दमट हवेनं बिघडतो, उंदरानं वायर कुरतडली की बिघडतो, कुणी पोतं आदळलं की बिघडतो. म्हणून हंगामाच्या आधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. लोक त्यासाठी लोखंडी वजनं ठेवतात. दादा म्हणायचा, "घरात बायको असताना वजनं काहून इकत घेऊ?"

मग वहिनी हातातलं काम ठेवून येई, चपला काढून काट्यावर चढे, ब्याण्णव दिसलं की उतरून पुन्हा कामाला लागे. पोरं मोठी झाल्यापासून दरवर्षी ब्याण्णव. अर्धा किलो इकडे, नाही तर अर्धा किलो तिकडे. शेजारचे मळेवाले आमचा काटा उसना न्यायला आले, तर तेही विचारत, "वहिनीले उभं करून पाह्यलं का?"

सुरुवातीला मीही हसत असे. मग एकदा वर्गात शिकवत होते, की जेवढं खाल त्यातून जेवढं खर्चाल ते वजा करा, उरेल ते अंगावर. फळ्यावर मांडलेल्या त्या सोप्या वजाबाकीकडे बघताना मला वहिनी आठवली. रोज एक घास जास्त झाला आणि तो अंगावर राहिला, तर काही वर्षांत बाई दारातून बाहेर निघू नये. रोज एक घास कमी पडला, तर काही वर्षांत बाई दिसूच नये. एवढ्या काळात आमच्या घरात लग्नं झाली, मयती झाल्या, श्रावणातले उपास झाले, शेतातल्या रोडग्यांच्या पंगती झाल्या, संत्र्यांच्या दिवसांत टोपल्याच्या टोपल्या फस्त झाल्या. आणि या सगळ्याच्या शेवटी ब्याण्णव. घास कोण मोजत होतं? वहिनी तर नक्कीच नाही. तिच्या आत कुणीतरी बसून हिशेब जुळवत होतं, तिला न विचारता, तिला न कळवता. माझ्या अंगावर काटा आला. मुलींना वाटलं, मॅडम पुढचं विसरल्या.

जगाला मात्र याचं काही नवल नव्हतं. जगाला फक्त जाड बाई दिसत होती. वहिनीचा कान ठणकत होता म्हणून ती एका डॉक्टरकडे गेली, तर त्यानं कानात बघायच्या आधी सांगितलं की वजन कमी करा. घरी येऊन ती दादाला म्हणाली, "कान जाड झाला म्हने माहा." गुडघा दुखला, वजन कमी करा. पाळी लांबली, वजन कमी करा. चष्म्याच्या दुकानदारानंसुद्धा एकदा सुचवून पाहिलं. आणि ती ऐकायची हो, हेच माझं दुःख आहे. भात बंद कर म्हटलं, केला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घे म्हटलं, घेतलं. तूप सोड म्हटलं तेव्हा सोडलं, आणि मग काही वर्षांनी तेच लोक तूप खा म्हणायला लागले तेव्हा चमच्यानं खाल्लं. दरवेळी दोन-चार किलो उतरायचे, ती खूश व्हायची, आणि सहा महिन्यांत बया पुन्हा ब्याण्णववर. मग सगळे म्हणायचे, चोरून खात असेल.

खरं तर खात होते मी. लहानपणापासून काडीसारखी आहे आणि बकासुरासारखी जेवते. माहेरी गेले की वहिनी आणि मी एकाच ताटात बसायचो, आणि तिच्या एका भाकरीला माझ्या दोन व्हायच्या. ती दिवसभर वाफ्यात वाकून निंदायची, मी वर्षभर खुर्चीत बसून पेपर तपासायचे. पण मला आजवर कुणी म्हटलं नाही, की बाई, तोंडाला आवर घाल. उलट, "किती मेंटेन केलं हो तुम्ही," असं स्टाफरूममध्ये ऐकून घेते. मेंटेन कसलं डोंबलाचं! काही केलेलंच नाही. वजाबाकी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. ती कोण करतं, कुठं बसून करतं आणि कुणाच्या हुकमानं करतं, हे आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नाही हे कबूल करायची कुणाची तयारी नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर अशा या घरात एका वर्षी दसऱ्याआधी काटा बिघडला.

मी तिथं नव्हते, हे मला नंतर हसत हसत सांगितलं गेलं. झेंडूची पोती भरायची होती, म्हणून दादानं वहिनीला हाक मारली. ती चढली तर आकडा सत्त्याऐंशी. दादानं काटा झटकला, पुसला, जागा बदलली. सत्त्याऐंशीच. मग गावातून मिस्त्री बोलावला. तो स्कूटरवर आला, काटा उघडून पाहिला आणि म्हणाला, की मशीन तर ठीक वाटते, पण आकडा लावाले मोठं वजन लागते, ते मी आनलं नाही. दादा म्हणाला, "वजनाची काय कमी हाये आमच्या घरी." वहिनी पुन्हा चढली. मिस्त्रीनं बटणं दाबून दाबून तिच्यावर ब्याण्णव लावलं आणि चहा पिऊन गेला. घरात कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही, वहिनीलाही नाही. काटा एक वेळ चुकेल, वहिनी कशी चुकेल?

भाऊबीजेला मी माहेरी गेले तेव्हा दादाचं डोकं फिरलेलं होतं. दसऱ्यापासून अडत्याकडे आमचं प्रत्येक पोतं कमी भरत होतं. दादानं पन्नास म्हणून पाठवावं आणि तिथं सत्तेचाळीस निघावं. आजोबांच्या काळापासूनची ती अडत. आमच्या मालावर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं. दादानं तिथं उभं राहून चार लोकांसमोर अडत्याला चोर म्हटलं होतं, आणि अडत्यानं शांतपणे उत्तर दिलं होतं, "बाप्पू, तुमचा काटा पाहून घ्या." ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले होते. ओवाळून झालं तरी तो तेच बोलत होता.

मी त्याचं ऐकत होते आणि वहिनीकडे पाहत होते. कार्तिकातली थंडी, मी शाल पांघरून बसलेली, आणि ही पदरानं वारा घेत होती. जेवायला बसलो तर तिनं माझ्याबरोबरीनं भाकरी खाल्ली, आणि ताटं उचलल्यावर पुन्हा चिवडा घेऊन बसली. सांबाराच्या जुड्या बांधताना तिची बोटं थरथरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाई व ताई, थकवा हाये दिवाळीचा." बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. गल्लीतल्या बाया बारीक दिसते म्हणत होत्या, पण घरच्यांचा विश्वास नव्हता, कारण घरच्यांकडे काट्याचा पुरावा होता.

दुपारी दादा उठला आणि म्हणाला, "चाल, आज याचा निकालच लावतो. तुह्यासमोर लावतो." वहिनी काट्यावर चढली. पंच्याऐंशी.

"पाह्य," दादा म्हणाला, "पुन्हा बिघडला. पुन्हा कमी दाखवून राहिला. आता त्या मिस्त्रीले..."

"दादा, थांब," मी म्हटलं. "काटा कमी दाखवत असंल, तर तू पन्नास म्हणून भरलेलं पोतं खरं पन्नासहून जास्त असंल न? मग अडत्याकडं ते जास्त भराले पाहिजे. कमी काहून भरते?"

दादा हुशार आहे. त्याला कळायला वेळ लागला नाही, फक्त पटवून घ्यायला लागला. मी म्हटलं, ज्याचं वजन आपल्या कुणाच्या हातात नाही असं काहीतरी आण. तो गेला आणि खताचं सीलबंद पोतं घेऊन आला, युरियाचं, पंचेचाळीस किलो छापलेलं. काट्यावर ठेवलं. साडेसत्तेचाळीस. शेडमध्ये दुसरंही एक पोतं होतं, तेही ठेवलं. साडेसत्तेचाळीस.

म्हणजे काटा जास्त दाखवत होता. दसऱ्याआधी तो बरोबरच होता, मिस्त्रीनं नव्हे तर आम्हीच तो बिघडवला होता. अडत्या खरा होता. आणि वहिनी तेव्हा खरोखरच सत्त्याऐंशी होती. आता काट्याचे पंच्याऐंशी म्हणजे खरे किती, ते मी मनात काढलं.

"ऐंशी," मी म्हटलं. "वहिनी, तुमी ऐंशी किलोच्या झाल्या."

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरू शकत नाही. आधी तिला खरंच वाटेना. मग ती लाजली, नव्या नवरीसारखी, आणि दादाकडे पाहून हसली. "म्हंजे मी बारीक झाली?" दादाही हसला. आयुष्यभर जे मागितलं ते न मागता दारात आलं होतं, आणि मी एकटीच तिथं सुतकी तोंड करून उभी होते. जो हिशेब इतकी वर्षं कुणाच्या बापाला हलवता आला नव्हता, तो आपोआप हलला होता. आपोआप हलला याचंच मला भय वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. जवळचा, नेहमीचा, माणूस भला. त्यानं तिला ओळखलं, मागचं वजन आठवलं आणि खुर्चीतच सावरून बसला. "वा, छान कमी केलं. असंच चालू ठेवा."

"काय चालू ठेवायचं?" मी विचारलं.

"जे करत आहेत ते."

"काहीच करत नाहीयेत. दुप्पट जेवत आहेत."

तो हसला. पेशंट असं म्हणतातच, अशा अर्थाचं ते हसू होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई जाड असताना ती खोटं बोलते, आणि बारीक झाली तरी खोटंच बोलते. मग ती खरं बोलते कधी? हे मी मनात म्हटलं नाही, तोंडानं म्हटलं. वहिनीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि रस्त्यात उभं राहून म्हणाली, "किती तिखट व तुमी. त्यानं चांगलंच तर म्हनलं."

तिला दुसरीकडे न्यायला मला तीन दिवस लागले. रुसावं लागलं, दादाला भरीस घालावं लागलं, अकोल्याला परत जाणार नाही अशी धमकी द्यावी लागली. दुसरी डॉक्टरीण वयस्क होती, कमी बोलणारी. तिनं वजन विचारलंच नाही. वहिनीचं मनगट हातात धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग तिला दोन्ही हात पुढं पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत पंखा बंद होता. मग पेलाभर पाणी दिलं आणि म्हणाली, घोट घ्या. वहिनीनं घोट गिळला तेव्हा गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी वर सरकलं आणि खाली उतरलं. इतके दिवस मी त्या गळ्याकडे बघत होते, मंगळसूत्राकडे बघत होते, आणि ते मला दिसलं नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट आला तो डॉक्टरणीच्या बोटांनी आधीच सांगितलेला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पिसाटली होती. मी ती दरवर्षी शिकवते, फळ्यावर पसरलेल्या पंखांच्या फुलपाखरासारखी काढते, चार मार्कांचा प्रश्न असतो. ती चिमूटभर गोष्ट ठरवते की अंगाची चूल किती जळायची. वहिनीची चूल भडकली होती. भूक त्यामुळे, घाम त्यामुळे, थरथर त्यामुळे, आणि बारीक होणंही त्यामुळेच. इच्छाशक्ती, संयम, तोंडाचा आवर असं जे जे लोकांनी तिला आजवर ऐकवलं, ते सगळं एका पारड्यात, आणि ही चिमूटभर ग्रंथी दुसऱ्या पारड्यात. मी त्या खुर्चीत बसून अक्षरशः थक्क झाले. शिकवणारी असून थक्क झाले.

"हृदयावर ताण आलाय," डॉक्टरीण म्हणाली. "ठोके मधूनच वाकडे पडतात. असंच राहिलं तर एखाद्या दिवशी गुठळी होईल, किंवा हृदय थांबेल. गोळ्या देते. एकही चुकवायची नाही." मग तिनं चष्म्यावरून वहिनीकडे पाहिलं. "वजन परत येईल. येऊ द्या."

वहिनीनं मान डोलावली. ती मान कशी डोलली, तिकडे मी लक्ष द्यायला हवं होतं म्हणा, पण मला त्या वेळी दादाचा चेहरा दिसत होता. तो पांढरा पडला होता. परतताना त्यानं रिक्षा बाजाराकडे वळवली, अडत्याच्या गादीसमोर उभा राहिला आणि चार लोकांसमोरच म्हणाला, "काटा माहाच चुकला, शेठ." त्याच फेरीत लोखंडी वजनंही घेतली.

त्यानंतर मी संक्रांतीला गेले. प्रयोगशाळेतला जुना स्टेथोस्कोप मुद्दाम पिशवीत टाकला होता, कारण फोनवर वहिनीचा आवाज मला धापेचा वाटत होता. घरात हळदीकुंकू चाललं होतं. ती दारात उभी होती, आणि मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. लग्नातला मोरपंखी ब्लाउज तिच्या अंगात बसला होता. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. "कोनतं डाएट केलं सांगा न," एक म्हणत होती. दुसरी म्हणत होती, "दहा वर्सानं लहान दिसून राहिल्या." आमच्या नात्यातली एक ठसकेबाज काकू तर तिचा दंड चिमटीत धरून सगळ्यांना दाखवत होती. वहिनी हसत होती, आणि त्या हसण्यात दम लागत होता.

बाया गेल्यावर मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "गोळ्या घेता न?"

ती वाणाच्या वाट्या आवरत राहिली.

"वहिनी."

"घेतल्या सुरुवातीले," ती म्हणाली. "दोन किलो वाढले. मंग सोडल्या."

दादाला माहीत नव्हतं. मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे वळली, आणि मी तिला इतकं बोलताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"तुमाले नाई समजनार, ताई. तुमी काडीच्या काडी राहिल्या. माह्या लग्नात वऱ्हाडातले लोक हसले, ते मले मांडवात ऐकू आलं. गाडीत बसली का बाजूचा मानूस सरकून बसते. कानाच्या डाक्तरनं कान नाई पाह्यला. पोरीच्या शाळेत गेली तं पोरगी म्हने, आई, तू गेटवरच थांब. मी काय नाई केलं? तुमी सांगा. भात सोडला, साखर सोडली, पहाटे उठून चालली. अन् आता पयल्यांदा कोनी मले पाहून तोंड वाकडं नाई करत. पयल्यांदा, ताई. ते मी गोळी खाऊन घालवू?"

हृदय, गुठळी, ठोके, हे सगळे शब्द मला येत होते आणि त्यातला एकही तिच्या बोलण्यासमोर उभा राहत नव्हता. मला रडू आलं, आणि मी रागानं ते पुसलं. जगानं तिला इतकं छळलं होतं की तिला आजार गोड लागत होता, आणि त्या जगात मीही होते, माझ्या दोन भाकरींसकट.

मग काही सुचेना म्हणून मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. आधी तिच्या कानात नळ्या घातल्या आणि दुसरं टोक माझ्या छातीवर धरलं. "हे माझं," मी म्हटलं. तिनं मान वाकडी करून ऐकलं. तिचे डोळे मोठे झाले. आपल्या आत असं काही चालतं हे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं, बहुतेक माणसांनी ऐकलेलं नसतं. "हे तं बोलून राहिलं," ती हळूच म्हणाली.

मग मी ते टोक तिच्या हातात दिलं. तिनं पदराखालून ते स्वतःच्या छातीवर ठेवलं.

अंगणातून वांगी भरलेलं क्रेट ओढल्याचा आवाज येत होता, तिला तो ऐकू येत नव्हता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. तिनं पुन्हा माझ्या छातीवर लावलं, पुन्हा स्वतःच्या. मी तिची नाडी धरली; माझा एक ठोका व्हायचा तोवर तिचे दोन होत होते, आणि मध्येच एखादा अडखळून पडत होता. तो पडला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"हे झोपते कवा?" तिनं विचारलं.

"झोपत नाही."

"कवाच?"

"तुमी आईच्या पोटात होत्या तवापासून नाही."

तिनं नळ्या कानातून काढल्या नाहीत. बराच वेळ तशीच बसून राहिली, डोळे मिटून. एखादी नातवाला झोपवताना बसते तशी. मग म्हणाली, "सारं जग मले हिडीसफिडीस करे, तवाही हे काम करून राहिलं होतं. यानं मले कवाच जाडी नाई म्हनलं." आणि मग, "अन् मी याले पळवून राहिली, बायांनी वा म्हनावं म्हनून."

गोळी तिनं स्वतः उठून घेतली. ताकाच्या घोटासोबत. इतकं सोपं नव्हतं ते. नंतरचे कित्येक महिने मी रोज फोन करत होते, आणि कित्येक दिवस "घेतली" म्हणताना तिच्या आवाजात रुसवा असायचा. मोरपंखी ब्लाउज पुन्हा पेटीत गेला तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती, असं दादानं सांगितलं. पण हात थरथरायचे थांबले. पुढच्या थंडीत ती शाल मागायला लागली. डॉक्टरणीनं मनगट धरलं आणि या वेळी लवकर सोडलं.

वजन परत आलं. भूक उतरली, ती पूर्वीसारखी एक भाकरी खायला लागली, आणि वजन चढत गेलं. चढत चढत ब्याण्णवच्या आसपास येऊन थांबलं. कुणी थांबवलं? ना डॉक्टरणीनं, ना वहिनीनं, ना गोळीनं. गोळीला ब्याण्णव ठाऊक नव्हतं. एवढ्या उलथापालथीत ते कुठंतरी जपून ठेवलेलं होतं, आणि वाट मोकळी झाल्यावर अंग आपल्या घरी परतलं. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, हे मला माहीत आहे; एका बाईवरून नियम बांधू नये, हे मीच मुलींना शिकवते. पण वर्गात आता तो धडा आला की वजाबाकी फळ्यावर लिहून मी खाली एक ओळ लिहिते, "बाकी अजून नीट माहीत नाही." परीक्षेला येत नाही म्हणून मुली ती उतरवून घेत नाहीत.

गेल्या लग्नसराईत आम्ही दोघी मोझरीच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलो, समोर ती संक्रांतीची ठसकेबाज काकू. तिनं वहिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चार बायांना ऐकू जाईल अशी चुकचुकली. "अवो, हे काय? पुन्हा तशीच झाली तू? किती छान बारीक झाली होती. काहून सोडलं व?"

आजूबाजूचे हात ताटात थांबले. मी श्वास भरून घेतला. माझं भाषण तयार होतं, ग्रंथीपासून डॉक्टरपर्यंत, आणि काकूचा उद्धार त्यात धरलेला होता. वहिनीनं मांडीवर माझा हात दाबला.

"तवा मी मरून राहिली होती, काकू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. "अन् तुमी साऱ्या छान छान म्हनून राहिल्या होत्या."